बालथाळीवरची बाटली

"हे काय आहे?" सहा नंबरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं.

"ताक," पांडबा वेटर म्हणाला.

"ते दिसतंय मला. पण ते इथं का आहे?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत पांडबाला असा तात्त्विक प्रश्न कुणी केला नव्हता. तो मदतीसाठी गल्ल्याकडे बघू लागला. तोवर गृहस्थांचे चिरंजीव खुर्चीवरून घसरून फरशीवर उताणे झाले होते आणि टाचा आपटत, छताकडे बघत ओरडत होते, "केशरी! केशरी पायजे! केशरी!" आईने उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी अंग सैल सोडलं आणि ते दुप्पट जड झाले. ही विद्या मुलांना कोण शिकवतं कुणास ठाऊक.

गृहस्थ बाह्या सरसावत गल्ल्यावर आले.

"मालक कोण?"

"मीच," ढमाले म्हणाले.

"बालथाळीवर थंड बाटली मोफत, असा बोर्ड होता तुमचा."

"होता. काढला."

"का?"

"आता बाटली देत न्हाई म्हणून."

"अहो, पण ताक कसलं देता? ताक घरी मिळतं! घरी मिळतं ते प्यायला बायकापोरांना रिक्षात घालून आणलंय का मी?"

ढमाले गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले. तेवढ्यात गृहस्थांची नजर गल्ल्यामागच्या छोट्या फ्रीजवर गेली. त्याला काचेचं दार होतं, दाराला कुलूप होतं आणि आत मधोमध एकच केशरी बाटली उभी होती, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी.

"मग ती काय आहे?"

"ती औषधाची हाय."

"औषधाची?"

"विकायची न्हाई."

गृहस्थांनी शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मी श्रीखंडाचा चमचा चाटत गंभीरपणे मान हलवली. त्या बाटलीबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, पण शेजारच्या माणसाने मान हलवली की भांडणाचा जोर कमी होतो असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी झाला नाही. गृहस्थ कुटुंबासह उठले, चिरंजीवांना काखोटीला मारलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या 'गारवा'मध्ये गेले. थोड्याच वेळात तिकडून 'फट्' असा आवाज आला आणि केशरी-केशरी थांबलं.

ही गोष्ट कऱ्हाडातली, आणि बरीच जुनी. मी तिथे दातांचा डॉक्टर होतो. माझा दवाखाना यशवंतराव ढमाल्यांच्या 'हॉटेल सुगरण'च्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. खाली बालथाळी मिळायची: चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, पापड, वाटीभर श्रीखंड आणि केशरी पेयाची थंडगार बाटली. महिनाभराने तेच मूल गाल धरून माझा जिना चढायचं. ढमाले पेरायचे, मी उपटायचो. दोघांचंही बरं चाललं होतं.

बालथाळीचं सगळं वैभव त्या बाटलीत होतं. ती टेबलावर झाकणासकट यायची. पांडबाच्या कमरेला दोरीने ओपनर बांधलेला असायचा. आधी तो ओपनर काचेवर टिंग, टिंग असा वाजवायचा. मूल श्वास रोखून धरायचं. मग फट्! बाटलीच्या तोंडातून धूर निघायचा आणि मूल आईकडे असं बघायचं, की जणू हे त्यानेच केलं. रविवारी तर हे काम ढमाल्यांची आठ वर्षांची नात कस्तुरी करायची. दोन वेण्या, कमरेवर हात, पांडबाचा ओपनर गळ्यात. "कुणाची उघडू?" असं तिने विचारलं की अख्ख्या हॉलमधले हात वर व्हायचे. त्या पावसाळ्यात मात्र ती खाली दिसेनाशी झाली होती. विचारलं की ढमाले म्हणायचे, "अभ्यास हाय तिला." तिसरीतल्या मुलीला एवढा अभ्यास असतो हे मला नवीन होतं, पण काळ बदलतोय म्हणून मी गप्प बसलो.

आणि अचानक एका रविवारी ढमाल्यांनी बाटलीच बंद केली.

का केली ते मी लगेच ओळखलं. माझ्यामुळे. आदल्याच आठवड्यात मी त्यांना एक व्याख्यान दिलं होतं. नुसतं तोंडी नाही. मुलांचे काढलेले दात मी एका बरणीत जमवून ठेवले होते, ती बरणी मी त्यांच्या गल्ल्यावर ठेवली आणि म्हणालो, "ढमाले, ही तुमच्या बाटलीची कमाई." ढमाल्यांनी बरणी एका बोटाने लांब सरकवली. मग म्हणाले, "झाकण घट्ट हाय न्हवं?" आणि आत निघून गेले. त्यानंतर आठ दिवसांत बाटली बंद. आपल्या शब्दाने एक माणूस चालता धंदा बाजूला ठेवतो हे बघून मला भरून आलं. घरी मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचं कसं चालायचं?" सुधारकाच्या घरात हे चालायचंच.

ढमाल्यांचा मुलगा राजेंद्र, कस्तुरीचा बाप, याला हे अजिबात पसंत नव्हतं. हॉटेलचं रोजचं काम तोच बघायचा. बापलेकांची बोलणी माझ्यासमोरच व्हायची.

"आबा, एकासाठी सगळ्यांचं बंद करायचं? असं कुठं असतंय का?"

"राजा, पाच नंबरचं टेबल पूस."

"मी काय म्हणतोय, एकासाठी..."

"पूस म्हटलं न्हवं?"

मला फार संकोच वाटायचा. माझ्या एकट्याच्या शब्दासाठी त्या घरात असा कलह व्हावा! मी श्रीखंड अर्धवट टाकून उठायचो. पूर्ण टाकून कधी उठलो नाही.

पण आपल्यामुळे सुरू झालेल्या कार्याला हातभार लावणं भाग होतं. मी एका चित्रकाराकडून किडलेल्या दाढेचं दोन फूट उंचीचं रंगीत चित्र काढून घेतलं आणि चार नंबरच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलं. चित्रकाराने जीव ओतून काम केलं होतं. त्या दिवशी चार नंबरवर जे जे बसले ते ते पाणी पिऊन उठले. संध्याकाळी पांडबाने चित्र उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग ढमाल्यांनी ताकाऐवजी एकेक देऊन बघितलं. कोकमाचं पाणी दिलं, तर एका मुलीने "रक्त!" म्हणून किंकाळी फोडली. बिनसाखरेचं दूध दिलं, तर मुलं एकमेकांकडे असं बघू लागली की कुणाला तरी शिक्षा झालीय. शहाळी आणली, तर ती फोडताना पांडबाचा अंगठा थोडक्यात वाचला. शेवटी गाडी पुन्हा ताकावर आली. ताक उत्तम असायचं. मुलं ते हात न लावता परत पाठवायची आणि ते मी प्यायचो.

समोर 'गारवा'वाल्याने पाटी लावली: 'आमच्याकडे मुलांना अजून बाटली मिळते.' त्यातला 'अजून' मला विशेष लागला.

अशात एक दिवस लाटकरशेठ आले. कापडाचे मोठे व्यापारी, काळी टोपी, हळू बोलणं. नातवाचा, सन्मतीचा, वाढदिवस होता. शेठ जैन, तेव्हा सगळं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, म्हणून चारचा मुहूर्त. सन्मतीच्या शाळेतली सगळी पोरं, नात्यातली पोरं, अख्खा हॉल.

"बालथाळीच द्या सगळ्यांना. बटाट्याऐवजी दुसरी भाजी घाला," शेठ म्हणाले. "बाटलीसकट."

"शेठ, बाटली न्हाई," ढमाले म्हणाले.

"शेठ, बाटली आहे," त्याच क्षणी राजेंद्र म्हणाला.

शेठनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बापलेकांनी ठरवा. उद्या निरोप द्या. नातवाला मी बाटलीचा शब्द दिलाय. इथं नसली तर समोर आहेच."

शेठ गेले. राजेंद्रने खांद्यावरचं फडकं काढून गल्ल्यावर ठेवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"आबा, ही ऑर्डर गेली तर मी समोर जातो. गारवावाल्यानं मला विचारलंय. मॅनेजर म्हणून."

ते फडकं उचलून ढमाल्यांनी त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

राजेंद्र बाहेर पडता पडता माझ्यापाशी थांबला. "डॉक्टर, तुम्ही सांगा त्यांना. मी बोललो तर चिडतात."

आता मला बोलणं भाग होतं. एका बाजूला माझं कार्य, दुसऱ्या बाजूला बापलेकांची फारकत. मी मोठ्या मनाने ठरवलं की ढमाल्यांना माझ्या शब्दातून मोकळं करायचं. 'तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, आता पुरे,' असं एक वाक्यही जिन्यात तयार केलं.

दुपारी हॉटेल बंद असताना मी मागच्या दाराने गेलो. स्वयंपाकघराच्या मागे तांदळाच्या पोत्यांची खोली होती. दार अर्धवट उघडं होतं. आत रिकाम्या बाटल्यांच्या पालथ्या खोक्यावर कस्तुरी बसली होती. फ्रॉक मांडीवर ओढून धरलेला. समोर ढमाले उकिडवे, चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात बारीकशी सुई.

"आबा, आधी हवा काढा," कस्तुरी म्हणाली.

"काढली की."

"अजून एक बुडबुडा आहे. टिचकी मारा."

ढमाल्यांनी टिचकी मारली.

"हां. आता टोचा. आणि बघून टोचा."

सुई टोचताना डोळे तिने नाही मिटले, त्यांनी मिटले.

डॉक्टर कसलाही असला तरी ती सुई ओळखतो. मी दारातच उभा राहिलो. तयार केलेलं वाक्य कुठे गेलं ते मला नंतरही सापडलं नाही.

ढमाल्यांनी मला बघितलं आणि आधी दार लावून घेतलं. मला आत घेऊन.

"डाक्टर, हे बाहेर बोलायचं न्हाई."

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीपासनं. नुसती पाणी पीत सुटली हुती. वाळली. दवाखान्यात आठवडाभर हुती. साखर म्हणं. एवढ्याशा पोरीला साखर! मी म्हटलं, ती म्हाताऱ्यांना हुती. तर म्हणले, ही वेगळी. जन्मभर सुई." त्यांनी सुई नीट डबीत ठेवली. "पोरीची जात हाय. उद्या स्थळं बघताना..."

"ती आठ वर्षांची आहे, ढमाले."

"मोठी व्हईलच की."

कस्तुरी फ्रॉक सारखा करत आमचं बोलणं ऐकत होती, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने.

"म्हणजे ती बाटली..." मी म्हणालो. "माझ्या सांगण्यावरून..."

"तुमच्या? तुम्ही काय सांगितलेलं?"

"बरणी नव्हती का आणली मी? दातांची?"

"ती व्हय!" ढमाल्यांनी तोंड वाकडं केलं. "ती बघून मला दोन दिस जेवाण गेलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच रविवारी कस्तुरी नेहमीसारखी ओपनर घेऊन हॉलमध्ये गेली. एका टेबलावर बाटली उघडली. तिथली मुलगी चांगल्या मनाने म्हणाली, "तू पण घे ना एक घोट." कस्तुरी 'नको' म्हणायच्या आत तिची आजी धावत आली आणि तिने सगळ्यांदेखत तिच्या हातातून बाटली हिसकावली. हॉल बघतच राहिला. तेव्हापासून ती मागच्या खोलीतच जेवायची.

"म्हटलं, हिला न्हाई तर कुणालाच न्हाई," ढमाले म्हणाले. "हॉटेल माझं हाय. ज्या घरात सगळी पोरं पितात आन् घरची पोरगी पोत्यांत बसती, त्या घराला हॉटेल कसं म्हणायचं?"

"आणि राजेंद्र?"

"त्यो म्हणतोय, जगात सगळीकडं बाटल्या हायत, तुमी किती बंद करणार? तिला सवय करू दे. त्याचं बी खोटं न्हाई. बाप हाय, त्यालाबी लागतंच की." त्यांनी मान खाली घातली. "आन् गंमत बघा. हिच्यासाठी एवढं केलं, तरी ही येतच न्हाई हॉलात."

"का गं?" मी कस्तुरीला विचारलं. "आता तर कुणाकडेच बाटली नाही."

"मग येऊन काय करू?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ताकाला काय उघडायचं असतं?" ती माझ्याकडे, आता हेही सांगायला पाहिजे का, अशा नजरेने बघत होती. "मला ते प्यायचं नव्हतंच. नाकात जायचं माझ्या. मला फट् करायचं होतं. आबांनी फट्च बंद केलं."

ढमाले नातीकडे बघत राहिले. त्यांनी गावाशी भांडण घेतलं होतं, मुलगा घालवायची वेळ आली होती, आणि तिला एवढंच हवं होतं.

"आणि गल्ल्यामागची ती?" मी विचारलं. "औषधाची?"

"ती हिचीच. डाक्टरांनी सांगितलंय, कधी घाम सुटला, हातपाय कापायला लागले तर साखर लई उतरली समजायचं, लगेच गोड पाजायचं. म्हणून एक कुलपात ठेवलीया."

"म्हणजे तुमच्या हॉटेलात एकच केशरी बाटली, आणि ती हिचीच?"

यावर पहिल्यांदा कस्तुरी हसली. मग आम्ही.

मुल्लाचाचांचा सोड्याचा कारखाना माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत होता. आम्ही तिघेही तिकडे गेलो. कारखाना म्हणजे एक खोली, एक गॅसची टाकी, बाटलीत गॅस भरायचं एक यंत्र आणि झाकण ठोकायचं दुसरं. चाचांची कवळी मी केली होती, त्यामुळे ते मला शब्द देणं लागत होते आणि तो त्यांना स्पष्ट उच्चारताही येत होता.

"ताकात गॅस?" ते म्हणाले. "डाक्टरसाब, सोडा काढून काढून बुढ्ढा झालो, ताकात गॅस सोडा म्हणणारे तुमी पयले."

"जमेल का?"

"जमेल की. पण करायचं कशाला?"

"आवाजासाठी."

याहून चांगलं कारण चाचांनी आयुष्यात ऐकलं नसावं. त्यांनी लगेच एका बाटलीत पातळ ताक घेतलं, गॅस सोडला, झाकण ठोकलं. कस्तुरीने ओपनर लावला. फट्! सुंदर आवाज. बाटलीच्या तोंडातून धूर. कस्तुरीने एक घोट घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "जिभेला चावतं." मग दुसरा घोट घेतला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती हॉटेलवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

"ह्यात मसाला कुठाय?" ढमाले म्हणाले.

"अजून नाही घातला."

"बिनमसाल्याचं ताक मी गिऱ्हाइकाला देणार न्हाई. जिरं, मिरी, हिंग, कोथिंबीर. बाटलीत असंना का, ताक ते ताक." वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी स्वतः मसाला वाटून घातला, सढळ हाताने. चाचा बाटल्या भरताना गळ्यापाशी जागा सोडत होते. तेही ढमाल्यांना सहन होईना.

"चाचा, पुरी भरा की."

"गॅसला जागा लागती, ढमालेशेठ."

"सुगरणची बाटली अर्धी? लोक काय म्हणतील? वरपर्यंत भरा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी दातांचा डॉक्टर. मी मान हलवली.

चार वाजता हॉल भरला. लाटकरशेठ मधोमध, शेजारी टोपी घातलेला सन्मती, सभोवार त्याची शाळा. राजेंद्र भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. त्याला आणि शेठना ढमाल्यांनी एवढंच सांगितलं होतं की बाटली आहे. पुऱ्या वाढल्या गेल्या. मग पांडबाने ट्रे आणले. पोरांनी आनंदाने आरोळी ठोकली आणि मध्येच थांबवली, कारण बाटल्या पांढऱ्या होत्या.

"ही कुठली?" शेठनी विचारलं.

"नवीन निघालीय," मी म्हणालो. ते खरंच होतं.

राजेंद्रने बापाकडे बघितलं. त्याची एक भुवई वर गेली आणि तिथेच थांबली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कस्तुरी आली. नवीन फ्रॉक, दोन वेण्या, गळ्यात ओपनर. किती महिन्यांनी ती त्या हॉलमध्ये पाऊल टाकत होती. ती सरळ सन्मतीच्या टेबलापाशी गेली. कमरेवर हात ठेवला.

"कुणाची उघडू?"

"माझी!" सन्मती म्हणाला.

तिने बाटलीवर टिंग, टिंग केलं. सगळ्या पोरांनी श्वास रोखला. तिने ओपनर लावला.

जो आवाज झाला त्याला फट् म्हणणं अन्याय होईल. झाकण उडालं ते घड्याळावर आपटलं. त्यामागून ताक निघालं, थेट वर, पांढऱ्या खांबासारखं, आणि वर पंखा फिरत होता. पंख्याने ते कुणालाही न वगळता सगळ्या हॉलला सारखं वाटलं. शेठच्या काळ्या टोपीवर, सन्मतीच्या नाकावर, पुऱ्यांवर, माझ्या चष्म्यावर. कोथिंबीर मात्र नेमकी राजेंद्रच्या कपाळाला चिकटली.

पंख्याच्या पात्यांवरून ठिबकणारं ताक तेवढं ऐकू येत होतं. कस्तुरी रिकामी बाटली हातात धरून उभी होती, भुवया पांढऱ्या, डोळे मोठे. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. ढमाले गल्ल्याचा आधार घेऊन उभे होते. मला वाटलं, आता ही पोरगी पुन्हा पोत्यांच्या खोलीत जाईल ती कायमची.

लाटकरशेठनी हळूच जीभ बाहेर काढून मिशी चाटली. विचार केला.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले.

"परत!" सन्मती किंचाळला. "परत कर! माझ्यावर कर!"

आणि हॉलमध्ये एकच कल्ला झाला. "माझी! माझी उघड! ए, आधी माझी!" पोरं खुर्च्यांवर चढली. काही जण पंख्याखाली तोंड उघडून उभे राहिले. चाचा दारात तोंडावर हात धरून उभे होते, हसताना कवळी पडायची त्यांना भीती होती. कस्तुरीने बापाकडे बघितलं. राजेंद्रने कपाळावरची कोथिंबीर काढली, निरखून बघितली, खाल्ली. मग जाऊन ट्रेमधली दुसरी बाटली उचलली आणि मुलीसमोर ठेवली.

"थोडी तिरकी धर," तो म्हणाला. "आबांच्या दिशेनं."

सगळ्या बाटल्या उघडल्या गेल्या. अर्धं ताक छताला गेलं, उरलेलं पोरांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. घरी मिळतं ते ताक हे नव्हे, असं प्रत्येकाचं मत पडलं. शेवटी सन्मतीच्या आईने कस्तुरीला विचारलं, "तू नाही का गं घेतलीस?"

"घेतली की," कस्तुरी खणखणीत आवाजात म्हणाली. "मला चालतं ताक. ते केशरी नाही चालत. मला साखर आहे. मी रोज सुई घेते."

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. कस्तुरीची आजी दारात होती, तिने पदर तोंडाशी नेला. ढमाल्यांचे डोळे मिटले गेले, सुई टोचताना मिटायचे तसे.

लाटकरशेठ टोपी पिळत होते. ते थांबले.

"रोज? मीपण," ते म्हणाले. "सकाळी एक, संध्याकाळी एक. मांडीत की दंडात?"

"मांडीत."

"रडतेस?"

"नाही. तुम्ही?"

शेठनी आजूबाजूला बघितलं. "थोडा," ते म्हणाले.

राजेंद्र समोर गेला नाही. समोरच्या पाटीवरचा 'अजून' काही महिन्यांनी पावसाने गेला. पुढे मसाला वेगळ्या पुडीत द्यायला लागले आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही हे ढमाल्यांनी जड मनाने मान्य केलं. पंख्याखालच्या टेबलाला मात्र रविवारी नंबर लागायचे. माझा धंदा बसत चालला, पण मी तक्रार केली नाही. ही चळवळ मी सुरू केली असं मी अजूनही सांगतो. ज्यांना खरं माहीत होतं त्यांतले बरेच आता नाहीत.

ढमालेही नाहीत. ते गल्ल्यामागे फोटोत असतात. गल्ल्यावर कस्तुरी बसते. तिचं लग्न झालं. मुलाकडचे बघायला आले तेव्हा तिनेच ताकाची बाटली उघडून समोर ठेवली आणि शेजारी सुईची डबी. पाहुण्यांनी दोन्ही स्वीकारलं.

परवा बऱ्याच वर्षांनी मी कऱ्हाडला गेलो आणि माझ्या जुन्या खुर्चीत बसलो. दुपारची गर्दी होती. कस्तुरी हिशेब करता करता मध्येच थांबली. कपाळावर घाम आला होता, बोटं थरथरत होती. मी उठायच्या आत तिने शांतपणे गल्ल्यामागच्या छोट्या फ्रीजचं दार उघडलं. आता त्याला कुलूप नसतं, पण बाटली तशीच मधोमध एकटी उभी असते. झाकण काढून ती प्यायली, घोट घोट, डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करत.

जवळच्या टेबलावर एक चार-पाच वर्षांची मुलगी ताक पीत होती. वरच्या ओठावर पांढरी मिशी. तिने बाटली खाली ठेवली आणि कस्तुरीकडे बघत राहिली.

"आई, त्या ताई काय पितायत?"

"औषध आहे त्यांचं," पांडबाच्या जागी आलेला वेटर म्हणाला. हॉटेलात नवीन आलेल्याला हे पहिल्या दिवशीच शिकवतात.

मुलगी खुर्चीवरून उतरली आणि गल्ल्यापाशी आली. कस्तुरीच्या चेहऱ्याकडे तिने फार कळवळून बघितलं.

"कडू आहे?" तिने हळूच विचारलं.

कस्तुरीने ओठ पुसले. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

"खूप," ती म्हणाली.